टक्कल प्रकरण : निदान म्हणजे अंतिम निकाल नव्हे

वडनेर भोलजी (जि. बुलडाणा), खास प्रतिनिधी : जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अवघ्या तीन-चार दिवसांत अनेकांना टक्कल पडले आणि जिल्हा हादरला. बुरशी, पाणी आणि मग गहू अशी संशयाची सुई फिरत राहिली. ‘डॉक्टरांनाच काही कळत नाही’ असा सूर त्यातून उमटला. तो अन्यायकारक आहे. नवा पुरावा हाती आल्यावर मत बदलणे, हीच निदानाची रीत होय. त्यामागे संभाव्यतेचे साधे गणित असते.

बुरशीचा पहिला संशय गैर नव्हता. डोक्याच्या त्वचेचा बुरशीसंसर्ग सर्वत्र आढळतो; नेहमीच्या आजाराचा विचार आधी करायचा असतो. मात्र बुरशीने सहसा चट्ट्याचट्ट्याने केस जातात. अनेक गावांत, सर्व वयोगटांत, काही दिवसांत पूर्ण टक्कल पडणे हे बुरशीच्या बाबतीत फारच दुर्मीळ. त्यामुळे ती शक्यता मागे पडली.

पाण्याची तपासणी झाली, तेव्हा त्यात नायट्रेट आणि क्षारांचे प्रमाण अधिक आढळले. परंतु पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बुलडाणा, अकोला, अमरावती जिल्ह्यांतील असंख्य गावे पिढ्यान् पिढ्या खारे पाणी पीत आली आहेत; तेथे सरसकट टक्कल पडलेले नाही. जो दोष बाधित आणि अबाधित अशा दोन्ही गावांत सापडतो, तो निदानाला फारसा उपयोगी पडत नाही.

फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सेलेनियमकडे लक्ष वेधले. त्यांच्या अहवालानुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट, तर केसांत १५० पट अधिक होते. रेशनच्या गव्हातून ते आले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एप्रिलमध्ये काही रुग्णांची नखेही गळू लागली. केस आणि नखे दोन्ही जाणे हे सेलेनियमच्या विषबाधेचे परिचित लक्षण असल्याने या शक्यतेचे पारडे जड झाले.

मात्र हेच गणित उलट दिशेनेही सावध करते. याच जिल्ह्यातील नांदुरा तालुक्यात, महामार्गावरील वडनेर भोलजीत उद्या एखाद्या महिलेचे केस गळू लागले, तर तो लगेच सेलेनियमचा प्रताप मानावा काय? समजा, हजार लोकांत ५० जणांचे केस रक्तक्षय, थायरॉईड, टायफॉईड वा बाळंतपणामुळे गळतात आणि दोघांना विषबाधा आहे. म्हणजे केस गळणाऱ्या ५२ जणांपैकी विषबाधेचे दोघेच. केवळ तेवढ्यावरून रेशनचा गहू टाकून देणे गरीब कुटुंबाला परवडणारे नाही. याउलट एकाच घरातील चौघांचे केस एकाच आठवड्यात गेले, तर सर्वसाधारण कारणांची शक्यता झपाट्याने घटते. अशा वेळी ग्रामीण रुग्णालय गाठणे आणि घरातील धान्याचा नमुना जपून ठेवणे श्रेयस्कर.

गव्हाचा संशय अधिक पक्का करायचा अथवा फेटाळायचा, तर एक कसोटी उपलब्ध आहे. त्याच खेपेचा गहू आणखी कोणत्या गावांत गेला? तेथे रुग्ण आढळले काय? बाधित गावांत रेशन न घेणारी कुटुंबे वाचली काय? प्रशासनाने गावनिहाय व खेपनिहाय आकडे जनतेपुढे मांडावेत. टक्कल पडलेल्यांना विवाहसंबंधात नकार मिळत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. तो कलंक अफवांनी वाढतो. आकडे उघड झाले, तरच तो पुसला जाईल.