चार्जर मोजता, तसे चालू चार्जरही मोजा

मा. केंद्रीय अवजड उद्योग मंत्री,
नवी दिल्ली



पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंगसाठी ठेवले आहेत आणि त्यातून ७२ हजारांवर चार्जर उभे राहणार आहेत. विजेवरची गाडी चालवणाऱ्या माझ्यासारख्याला याचा आनंदच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात सार्वजनिक चार्जिंग केंद्रे १२ हजारांच्या आसपास होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती २५ हजारांपुढे गेली. आकडा उत्तम आहे. फक्त तो उभारलेल्या केंद्रांचा आहे. आज सकाळी त्यातली किती चालू होती, हे त्यावरून कळत नाही.

हायवेवर काय होते ते सांगतो. बॅटरी पंधरा टक्क्यांवर आलेली, ॲपवर हिरवी खूण पाहून तुम्ही पंपावर वळता. चार्जर हवेच्या मशीनच्या मागे, कोपऱ्यात. स्क्रीन काळी. पंपावरचा पोरगा लांबूनच हात हलवतो, ‘साहेब, बंद आहे ते, कंपनीला फोन लावा.’ पुढच्या पंपावर चार्जर चालू असतो, पण त्याचे ॲप वेगळे. ते उतरवा, ओटीपीची वाट पाहा, वॉलेटमध्ये आधी पैसे भरा, मग गन लावा. पाटीवर साठ किलोवॉट लिहिलेले असते. शेजारच्या गनवर दुसरी गाडी लागली की अनेक ठिकाणी वाट्याला तीसच येतात आणि अर्ध्या तासाच्या चहाचे जेवण होते. मुले मागच्या सीटवर भांडत असतात, ते वेगळेच.

असे का होते, हे आपल्या खात्याला ठाऊक नसेल असे नाही. २०१८ मध्येच वीज मंत्रालयाने स्पष्ट केले की चार्जिंग सेंटर चालवायला वीजपुरवठ्याचा परवाना लागत नाही. निर्णय चांगलाच होता. कोणालाही दुकान मांडता आले. मार्च २०२३ मध्ये फेम-२ या आधीच्या योजनेतून तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ फास्ट चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी मंजूर झाले. पण अनुदान मिळते ते मशीन बसवण्याला. ते चालू ठेवायला माणूस लागतो, सुटे भाग लागतात, इंटरनेट लागते आणि गिऱ्हाईक कमी असलेल्या रस्त्यावर हा सगळा खर्च अंगावर पडतो. मग कार्ड जळाले की महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही.

ब्रिटनने यावर कायदाच केला: फास्ट चार्जरचे जाळे वर्षभरात सरासरी ९९ टक्के वेळ चालू हवे, नाहीतर दंड. अमेरिकेने हायवेवरच्या चार्जरना केंद्राचा निधी देताना ९७ टक्क्यांची अट घातली. आपल्याकडे ९० टक्क्यांपासून सुरुवात झाली तरी मी पेढे वाटीन.

जाता जाता करांचेही बोलतो. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के आणि घरच्या वीजबिलावर तो मुळीच नाही. म्हणजे बंगल्याच्या पोर्चमध्ये प्लग असणारा स्वस्तात सुटतो. जुन्या सोसायटीत ज्याला पार्किंगच नाही, तो जास्त मोजतो. हा विषय जीएसटी परिषदेचा आहे, हे मान्य. पण तिथे आपला शब्द पडला तर फरक पडेल.

आपल्या हातात जे आहे तेवढेच मागतो. अनुदानाचा एक मोठा हप्ता चार्जर दोन वर्षे चालू राहिल्यावरच द्या. कोणता चार्जर या क्षणी चालू आहे ही माहिती सर्व कंपन्यांकडून घेऊन सगळ्यांसाठी खुली करा. यूपीआयने थेट पैसे घेणे सक्तीचे करा. भाजीवाली घेते, तर चार्जरला काय अडचण आहे? नव्या चार्जरच्या निविदांतच या अटी घाला. एकदा मशीन बसले आणि पैसे गेले की मग अट घालायला काही हातात उरत नाही.

आपला,
एक वाहनचालक