त्याग मोठा, पण मार्ग?

ज्याने सर्वस्व सोडले त्याचा मार्ग खराच असला पाहिजे, असा एक समज आपल्या सुशिक्षितांत रुजला आहे. अनुराधा गांधी यांचा विषय निघाला की तो हमखास डोके वर काढतो. या समजाला विरोध केलाच पाहिजे. परंतु त्याआधी त्यांच्या त्यागापुढे मान लववली पाहिजे.

1954 साली मुंबईतील शानभाग कुटुंबात त्या जन्मल्या. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकल्या. नागपूरला समाजशास्त्र शिकवीत असताना त्या इंदोऱ्याच्या दलित वस्तीत राहिल्या. पुढे घर, नोकरी सोडून बस्तरच्या अरण्यात गेल्या, माओवादी पक्षाच्या केंद्रीय समितीवर पोहोचल्या आणि एप्रिल 2008 मध्ये मेंदूच्या हिवतापाने वारल्या. त्यांना नुसते ‘दहशतवादी’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी, आदिवासींसाठी आपण काय सोडले, हे आधी स्वतःला विचारावे.

तथापि ज्यांच्यासाठी हे सारे झाले, त्यांच्या पदरात काय पडले? 1980 च्या सुमारास नक्षलवादी गडचिरोलीत आले. त्यानंतर तेंदूपानांची मजुरी वाढली, जंगल खात्याचा जाच कमी झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु खरी कसोटी लागली ती एटापल्ली तालुक्यातील सूरजागडला. माडिया-गोंडांच्या ठाकुरदेवाचा हा डोंगर लोहखनिजाने भरलेला आहे. 2007 साली तेथे 348 हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला. जून 2013 मध्ये माओवाद्यांनी खाण कंपनीच्या अधिकाऱ्यासह तिघांना ठार केले. त्यांत एक गावचा पोलीस पाटील होता. डिसेंबर 2016 मध्ये त्यांनी 75 हून अधिक वाहने जाळली. खाण थांबली का? 2021 पासून ती जोमाने चालू झाली आणि 2023 मध्ये उत्खननाची मर्यादा वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर गेली.

बंदुकीने खाण अडवली नाही. तिने ग्रामसभेचा आवाज मात्र दाबला. वनहक्क कायदा हाती घेऊन विरोध करणाऱ्या निःशस्त्र माणसाला ‘नक्षलवादी’ ठरवणे सोपे झाले. या यादवीत एकीकडे पोलिसांचा संशय, तर दुसरीकडे ‘खबऱ्या’ म्हणून मृत्यू, अशा कात्रीत तो सापडला.

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचे ज्येष्ठ नेते भूपती यांनी 60 सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. शासनाला हा विजय वाटेल. पण ज्या अन्यायाने बंदूक जन्माला घातली तो अन्याय शरण आलेला नाही.

आपल्या परंपरेत रक्तसाक्षी तोच, जो स्वतःचे रक्त देतो. दुसऱ्याचे घेत नाही. म्हणून अनुराधाबाईंना त्या पंक्तीत बसवता येणार नाही. परंतु गरिबांच्या वस्तीत बिऱ्हाड करण्याची त्यांची वृत्ती आपण का घेऊ नये? कालपर्यंत ‘तेथे बंदुका आहेत’ ही आपली सबब होती. उद्या सूरजागडच्या ग्रामसभेपाठीशी उभे राहण्याची वेळ येईल, तेव्हा ती उरणार नाही.