मेंढ्यांची रोगतपासणी : खर्च कुणाच्या माथी?

दिवाळी आटोपली की माण, खटाव, आटपाडी, सांगोला या दुष्काळी पट्ट्यातील मेंढपाळ घोड्यावर बिऱ्हाड लादून चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. वाटेत एखादी मेंढी गाभडते. घरधनीण मेलेले कोकरू उचलून टाकते, अडकलेली वार उघड्या हाताने ओढून काढते. काही आठवड्यांनी तिला चढउताराचा ताप येऊ लागतो, सांधे धरतात. मलेरियाच्या गोळ्यांनी काही उतार पडत नाही.

या दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच असू शकते. ब्रुसेलोसिस, म्हणजेच सांसर्गिक गर्भपात, हा रोग जनावरांतून माणसांत येतो. त्याची प्राथमिक चाचणी अवघडही नाही आणि महागही नाही. रोज बंगाल या रंगाने रंगवलेल्या मृत जंतूंचा द्रव आणि मेंढीच्या रक्तद्रवाचा एक थेंब काचेवर एकत्र केला, की चार मिनिटांत निकाल दिसतो.

तरीही मेंढपाळ स्वतःहून तपासणीला पुढे येत नाही. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. चाचणीचे शुल्क ही त्यातली सर्वांत किरकोळ बाब. रोज तळ हलवणाऱ्या माणसाने दवाखान्यात घालवलेला दिवस बुडाला. मेंढी बाधित निघाली तर तिच्यावर व्यवहार्य औषधोपचार नाही. ती कळपातून काढावी लागते. बातमी फुटली तर उरलेल्या कळपाला व्यापारी पडेल भावाने मागतो, आणि शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवू देत नाही. तपासणीने त्याच्या पदरात पडते ते एवढेच. लाभ मात्र शेजारच्या कळपांना, मटण खाणाऱ्या शहराला आणि सार्वजनिक आरोग्याला. लाभ सर्वांचा आणि तोटा एकाचा, अशा व्यवहारात तो एकटा माणूस गप्पच बसतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. धनगराला ते शिकवावे लागत नाही.

सांसर्गिक पशुरोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याने रोगाची खबर देण्याचे आणि रोगी जनावर वेगळे ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. मोकळ्या माळावर, दोन जाळ्यांच्या वाघरीत, रोगी मेंढी वेगळी ठेवायची कुठे?

शासनाजवळ पैसाच नाही, असेही नाही. २०१९ साली केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्या निर्मूलनासाठी पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यातील ब्रुसेलोसिसची लस ठरली ती गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांसाठी. मेंढ्या बाहेर राहिल्या. दुधामागे संघ आहेत, कारखाने आहेत, आमदार आहेत. मेंढीमागे फक्त काठी आणि कुत्रे आहे. त्याच वर्षीच्या पशुगणनेत देशात सुमारे ७ कोटी ४३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. ही संख्या नगण्य म्हणता येईल काय?

ज्याचे जनावर त्याचा खर्च, असे काहीजण म्हणतील. वातानुकूलित गोठ्याच्या मालकाविषयी ते मलाही मान्य आहे. परंतु बुळकांडीच्या वेळी आपण हा न्याय लावला नाही. ती मोहीम सार्वजनिक पैशाने चालली. २००६ साली भारत आणि २०११ साली जग त्या रोगातून मुक्त झाले. खेडोपाडी गवळ्यांकडून चाचणीचे पैसे मागितले असते, तर गोठ्यांची दारे बंदच राहिली असती.

तेव्हा चाचणी फुकट असावी एवढ्यावर थांबून चालणार नाही. बाधित मेंढीची बाजारभावाने भरपाई हा तपासणीच्याच खर्चाचा भाग मानला पाहिजे. बाजार समित्या मेंढ्यांच्या उलाढालीवर फी घेतात. तिचा ठरावीक हिस्सा या कामी लावावा, उरलेला भार राज्याने आणि केंद्राने उचलावा. तपासनीस तळावर गेला पाहिजे, आणि साताऱ्यात दिलेला दाखला रायगडातही चालला पाहिजे. आणि रक्त घ्यायला माणूस येईलच, तेव्हा त्याने मेंढीबरोबर त्या बाईचाही ताप विचारावा.