नुसती 'हिंमत धरा' पुरे नाही!



कर्करोगाचे निदान झाले की कामगाराला पहिला सल्ला मिळतो, 'हिंमत धरा.' आमचा सवाल आहे, कशाच्या आधारावर धरायची? लखनौच्या महानगरातला रुग्ण पुष्पक एक्सप्रेसने मुंबई गाठतो, परळच्या टाटा रुग्णालयात रांग लावतो. शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत रुग्णाला भाडे पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. चांगले आहे. पण रात्रीच्या भीतीला, मुलांना काय सांगावे या घोराला सवलत कोणती? हा रोग शिवून होत नाही, तरी खात्यात त्याचा पाण्याचा पेला वेगळा होतो. त्या घावावर औषध कोणते?

दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा रुग्ण-नातेवाइकांना आसरा देते. कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली व्ही केअर संस्था काढली. तेथे बरे झालेलेच नव्या रुग्णाला धीर देतात. स्वयंसेवकांना जमते ते प्रशासनाला का जमू नये? वाराणसीचे रेल्वे कर्करोग रुग्णालय २०१८ साली टाटा केंद्राकडे गेले. प्रशासनाची जबाबदारी त्याबरोबर गेलेली नाही.

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक विभागीय रेल्वे रुग्णालयात समुपदेशक नेमा. आणि प्रत्येक शाखेने, रुग्णाची इच्छा असेल तर, बरा झालेला सहकारी त्याच्या घरी न्यावा. पगारवाढीसाठी खांद्याला खांदा लावणारे आपण, आजारपणात कामगाराला एकटा सोडणार काय?

कामगार एकजुटीचा विजय असो!