डोंगरमाथ्यावर वसलेले राष्ट्र

वसाहतवादापूर्वीच्या आफ्रिकेतले लोक उगाच रानोमाळ भटकत होते, हा समज आता सोडायला हवा. वसलेले गाव मोडून उठणे कुणालाच सोपे नव्हते. पावसाने दगा दिला, चारा संपला, शेजारी गुरांवर चालून आले, की निघावे लागे. १८२४ च्या हिवाळ्यात बासोथो लोकांचा प्रमुख मोशोएशोए आपली माणसे आणि गुरे घेऊन बुथा-बुथेहून थाबा बोसिऊ या डोंगराकडे निघाला, तो असाच. वर सपाट माथा, पाण्याचे झरे, गुरांपुरते गवत आणि चढायला मोजक्याच वाटा.

वाटेत त्याचे आजोबा पेएते नरभक्षकांच्या तावडीत सापडले. ती माणसे पुढे हाती लागली, तेव्हा सगळे सूड मागत होते. आजोबांची कबर यांच्या पोटात आहे, ती कशी उकरू, असे म्हणून त्याने त्यांना जगू दिले, असे बासोथो लोक सांगत आले आहेत.

आसऱ्याला येणाऱ्यांना तो गुरे सांभाळायला देई. दूध त्यांचे, मालकी त्याची. त्यात राजकारण होतेच, पण माणसे तगली. आजचा लेसोथो देश त्यातूनच उभा राहिला.

या अंकातले स्थलांतरावरचे लेख वाचताना, निघालेल्यांइतकेच त्यांना जागा देणाऱ्यांकडेही पाहावे, ही वाचकांना विनंती.