गळ टाकण्याआधी पाणी बघा



आज धंद्याच्या ब्लॉगवर मासेमारीबद्दल लिहितोय, हसू नका. दुकानदारीतला सगळ्यात महाग धडा मी बीबीए करताना नाही, तलावाच्या काठावर शिकलो.

चार वर्षांपूर्वी साडेतीन हजारांची रॉड आणि रीळ ऑनलाइन मागवली. ढिगाने व्हिडिओ पाहिले. वाशीमपासून जवळच्या एका तलावावर, तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन, पाच रविवार बसलो. पाचही रविवार रिकामी पिशवी! शेजारी एक भोई काका बांबूची काठी, दोरा आणि गांडूळ एवढ्यावर रोज मासे नेत. शेवटी मी विचारलं, तर म्हणाले, "आधी पानी पाय ना बापू, गळ मंग टाक."

मग मी त्यांच्याजवळ नुसता बसायला लागलो. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, म्हणून तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. आणि मी सगळ्यांसाठी एकाच खोलीवर गळ सोडत होतो! मरळ तर वेगळाच गडी. तो कडेच्या गवतात दबा धरून बसतो, बेडूक आणि लहान मासे खातो, आणि हवा घ्यायला मधूनमधून वर येतो. पाण्यावर वलय उठलं की काकांना त्याची जागा कळायची. अमेरिकेत लोक ज्या बास माशापायी वेडे होतात, तोही असाच झाडोऱ्यात लपणारा शिकारी. म्हणजे तिथेही आधी नजर लागते, रॉड नंतर.

मी वही केली. तारीख, वेळ, वारा, पाण्याचा रंग, खोली, आमिष, काय लागलं. काहीच लागलं नाही तर तेही लिहायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची; आमिष आणि जागा दोन्ही बदलल्या तर फरक कशाने पडला, कसं कळणार?

आता दुकानाकडे या. पहिल्या वर्षी मी दुसऱ्या शहरात 'जोरात चालणारा' माल व्हिडिओ बघून भरला. चाळीस हजार अडकले. तिथलं गिऱ्हाईक वेगळं, आपलं वेगळं. नंतर गल्ल्याजवळ दुसरी वही ठेवली: कोणी काय मागितलं आणि मला "नाही" म्हणावं लागलं. तीन महिन्यांत त्या वहीनेच सांगितलं, काय भरायचं.

काही जण म्हणतील, पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही. अगदी खरं. पण बांबूची काठी घेऊन उतरा ना! थोडा माल, छोटी जागा, कमी उधारी. माझं स्पष्ट मत आहे: नोंद न ठेवलेला दहा वर्षांचा अनुभव म्हणजे पुष्कळदा एकाच वर्षाची दहा वेळा उजळणी.

आणखी एक. पावसाळ्यात मरळ आपल्या पिल्लांच्या थव्याची राखण करतो. तेव्हा तो सहज सापडतो, तरी काका तिथे गळ टाकत नाहीत. राखणदार उचलला तर पिल्लं दुसऱ्याच्या तोंडी, मग पुढच्या वर्षी काय धरायचं? गिऱ्हाइकाला एकदाच कापणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी पंधरा दिवस तुमच्या बाजारात वही घेऊन उभे राहा. माझे व्हिडिओ त्यानंतर बघा.