पांढऱ्या रेशमाआडची राणी

इंग्लंडच्या फिलिपाचं नाव आज बहुतेक वेळा भेटतं ते लग्नाच्या पोशाखांच्या इतिहासात. पांढऱ्या रेशमात लग्नाला उभी राहिल्याची नोंद मिळते अशी ही पहिली राजकन्या, असं कौतुकाने सांगतात. साल १४०६, ठिकाण लुंड. रेशीम सांगतात, फरची किनार सांगतात. नवरीचं वय सांगायचं तेवढं राहून जातं. ती बारा वर्षांची होती! नवरा एरिक पंचविशीच्या घरात.

तिची आई, मेरी द बोहुन, १३९४ साली हिच्याच बाळंतपणात गेली. पंचविशीच्या आसपास, सहा मुलं मागे ठेवून. बाप चौथा हेन्री. चुलतभावाला हटवून त्याने गादी घेतलेली, म्हणून त्याला परदेशी सोयरिकी हव्या होत्या. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनची सूत्रं हाती असलेल्या मार्गारेटला आपल्या वारसासाठी सून हवी होती. बोलणी सुरू झाली तेव्हा मुलगी सात-आठ वर्षांची. म्हणजे सत्तेवर बाई आली तरी मुलींचे सौदे आपोआप थांबत नाहीत, हेही आपण मान्य केलं पाहिजे.

पण या मुलीने पुढे काय केलं? १४२३ ते १४२५ एरिक जेरुसलेमच्या यात्रेला गेला, तेव्हा तिन्ही राज्यांचा कारभार तिने चालवला. हान्सा या जर्मन व्यापारी शहरांच्या संघाशी नाण्यांबाबत करार केला. स्वीडनचा कारभार तर तिने कितीदा पाहिला. १४२८ मध्ये त्याच हान्साच्या आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागल्या, तेव्हा शहराच्या बचावाची व्यवस्था तिने केली.

जानेवारी १४३० मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, वादस्तेनाच्या मठात ती वारली. मागे उल्लेख राहिला तो 'निपुत्रिक' हा. एरिकला १४३९ साली डेन्मार्क आणि स्वीडनने गादीवरून काढलं. तरी राजांच्या यादीत तो राजा, आणि कारभार करणारी ती फक्त 'राजाची पत्नी'.

मैत्रिणींनो, ही नुसती विसराळूपणाची गोष्ट नाही. पोशाख आणि कूस लक्षात ठेवायची, निर्णय विसरायचे, ही पुरुषी इतिहासाची जुनी रीत आहे. राणीचीही ही गत, तर तिचं रेशीम विणणाऱ्या, शिवणाऱ्या हातांचं नावसुद्धा कोण विचारणार? ते आपणच विचारायला हवं.